कुसुम सिस्टरचं ‘तिकडं’

कुसुम सिस्टर गेल्याची बातमी आमच्या आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर आली आणि तासाभरात जोडलेल्या हातांच्या चित्रांनी माझा मोबाइल भरून गेला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’, ‘शांत स्वभावाच्या सिस्टर’. ते ‘शांत स्वभावाच्या’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हे लिहिणारा माणूस एक तर बहिरा असला पाहिजे, नाहीतर जिल्ह्याच्या ऑफिसात बसणारा. मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली वर्षानुवर्षं काढली. मी औषधांच्या खिडकीत, त्या समोरच्या ड्रेसिंगच्या खोलीत, मध्ये एक अरुंद बोळ. त्या बोळातून सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत त्यांचा आवाज यायचा, आणि मी औषधं मोजताना तीन वेळा चुकायचो.

माझं घर शहापूरला. रोज मोटारसायकलनं किन्हवली, सरळगाव करत वैशाखऱ्याच्या रस्त्याला लागायचं आणि केंद्रावर पोचायचं. पोचेपर्यंत कंबर ढिली झालेली असते. अशा वेळी माणसाला काय लागतं? घोटभर चहा आणि दोन मिनिटं शांतता. मी हेल्मेट काढायच्या आत सिस्टर दारात उभ्या असायच्या.

“दिनेशभाऊ, तिकडं एका प्राण्याची लेंडी चौकोनी असते, माहितंय?”

नमस्कार नाही, चमत्कार नाही, सकाळी साडेआठला चौकोनी लेंडी. मी पाठ फिरवून खिडकीचं कुलूप उघडायचो. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. समोर भिंत असती तरी त्यांनी भिंतीला सांगितलं असतं.

हे ‘तिकडं’ नेमकं कुठं आहे, हे त्यांना कधी सांगता आलं नाही. जगात इकडं आणि तिकडं असे दोनच मुलूख होते. इकडं म्हणजे मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके, फार तर कल्याण. बाकी सगळं तिकडं. तिकडं समुद्रात तीन काळजांचा प्राणी होता. तिकडं एका गावात आई प्रत्येक लेकराला नावाऐवजी एक शीळ द्यायची आणि रानातून त्याच शिळेनं हाक मारायची. तिकडं रस्ता करताना मध्ये यक्षिणीचा दगड आला म्हणून सरकारनं रस्ता वळवला होता. ही माहिती कुठून यायची, तर मोबाइलवरून. आमच्या आवारात रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते. जेवण झालं की सिस्टर टाकीखाली उभ्या राहायच्या, चष्मा केसांवर ढकललेला, मोबाइल नाकाला टेकलेला, एका हातात शेंगदाणे. दुपारी बोळातून शेंगदाण्यांचा वास आला की मी समजायचो, आता माल आला.

मीही हट्टाला पेटायचो. संध्याकाळी घरी गेलो की शोधायचो. या बाईला एकदा तरी खोटं पाडायचंच, असं मी ठरवलं होतं. आणि संताप यायचा तो याचा, की गोष्ट खरी निघायची, पण देश निराळाच निघायचा. दुसऱ्या दिवशी मी म्हणायचो, “सिस्टर, ते जपान नाही, स्पेन आहे.” त्या म्हणायच्या, “असंल. तिकडंच ना?”

त्यांची कामाची पद्धत तर माझ्या डोक्याला कायमचा ताप होता. दंडाला स्पिरिट लावतानाच गोष्ट सुरू व्हायची. ऐकणारा तोंड उघडून बसायचा आणि तेवढ्यात सुई जाऊन बाहेरही आलेली असायची. इथंपर्यंत ठीक. पण सुई निघाली तरी गोष्ट निघायची नाही. ती पुरी झाल्याशिवाय त्या पुढच्या माणसाला आत घ्यायच्या नाहीत, आणि ऐकणाराही उठायचा नाही. बाहेर रांग वाढत जायची आणि रांगेतले लोक माझ्यावर खेकसायचे, कारण मी खिडकीत दिसायचो आणि त्या दिसायच्या नाहीत.

मात्र एक वेळ अशी होती की त्यांचं तिकडं एकदम बंद पडायचं. पावसाळ्यात, भातातलं तण काढायच्या बेणणीच्या दिवसांत, वरच्या वाड्यांमधून साप चावलेलं माणूस यायचं. आमच्याकडं औषध होतं. डॉक्टर होते. गाडी होती. पण माणूस सरळ आमच्याकडं यायचंच नाही. आधी चिंधू भगताच्या अंगणात जायचं. भगत मंत्र म्हणायचा आणि चावलेल्या जागेला जिवंत कोंबडी दाबून धरायचा. कोंबडी मेली की लोक म्हणायचे, विष तिच्यात उतरलं. मग दुसरी कोंबडी, मग तिसरी. कोंबड्या संपल्या, किंवा माणसाचं तोंड वाकडं व्हायला लागलं, की मग आमची आठवण यायची. आलेल्यातलं एखादं वाचायचं, एखादं नाही.

असं एखादं माणूस टेबलावरच गेलं की सिस्टर सामान धुऊन ठेवायच्या, चादर काढायच्या, आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. बोळ शांत व्हायचा. मी एरवी ज्या शांततेसाठी तडफडायचो ती मिळायची आणि ती मला सोसायची नाही. एकदा अशाच संध्याकाळी त्या कुलूप लावताना म्हणाल्या, “भाऊ, मला दुसरं काय नको. मी रिटायर व्हायच्या आत वरची माणसं साप चावला की सरळ इथं आली पायजेत. मधी कुठं थांबायला नको.” त्यासाठी त्या चिखल तुडवत वाड्यांवर जायच्या, अंगणात बसून समजावायच्या. लोक मान डोलवायचे. “हां शिस्टर, येऊ की. तुमच्याकडं नाय तर कुठं जायचं.” आणि पुढच्या वेळी पुन्हा कोंबड्या.

आता कोणाला वाटेल, एवढी तळमळ असलेली बाई निदान कामाच्या जागी तरी भान ठेवत असेल. छे. लसीकरणाचा दिवस घ्या. पडवीत वीसेक आया पोरं घेऊन बसलेल्या. त्यातली एक नवी आई घाबरलेली, लेकराला छातीशी घट्ट धरून बसलेली. तिला धीर द्यायचा म्हणून सिस्टरनी काय सांगावं?

“अगो, एवढुशा सुईला काय भितेस. तिकडं बाळांना रस्त्यावर गादीवर झोपवतात नि एक बाप्या भुताचं सोंग घेऊन त्यांच्यावरून उडी मारतो.”

“कशाला?” एकीनं विचारलं.

“इडापिडा जावी म्हणून. ओळीनं झोपवतात. एका उडीत चार-पाच पोरं.”

“नि बाप्या पडला तर?”

“आतापर्यंत तरी कोण पडला नाय,” असं सिस्टर म्हणाल्या, पण तोवर ती नवी आई उठून फाटकाबाहेर गेली होती, आणि तिच्यामागं आणखी दोघी. मी खिडकीतून बाहेर आलो, त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत पळालो, हातापाया पडून परत आणलं. परत आलो तर सिस्टर उरलेल्या आयांना विचारत होत्या, “आपल्यात कोण मारंल गो उडी? दिनेशभाऊ मारंल?” आणि सगळ्या माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. लशी सगळ्यांना टोचल्या गेल्या, हे कबूल. पण मी त्या दिवशी जेवलो नाही.

मुरबाडच्या आढावा बैठकीत तर त्यांनी आमची पार लाज काढली. साहेब कडक. प्रत्येकाला उभं करून कामाचा हिशेब विचारत होते. सिस्टरची पाळी आली. त्यांची बढती कितीतरी दिवस वरच्या टेबलावर अडकली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी विचारलं, “तुमची काही अडचण?” मी टेबलाखालून त्यांना खूण केली की गप्प बसा. खूण त्यांना दिसली, कारण त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, “अडचण काय नाय, साहेब. तिकडं एका देशाच्या लष्करात एक पक्षी हाय. काळा-पांढरा, बुटका, उडता येत नाय. त्याला लष्करानं अधिकारी केलाय. सैन्य ओळीनं उभं राहतं नि तो पुढनं डुलत डुलत जातो. त्याला बढत्या पण देतात, वेळच्या वेळी.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. सभागृहात हसावं की रडावं ते कोणाला कळेना. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुढच्या केंद्राचं नाव घेतलं. परतताना जीपमध्ये मी तोंड उघडलं. म्हणालो, “सिस्टर, पक्ष्याचं काढायची ही जागा होती का?” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “खोटं बोलले का मी?” मी रात्री शोधलं. खोटं नव्हतं. बढती त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही, ते वेगळं.

आणि दशक्रियेची गोष्ट. आमच्या ड्रायव्हरची आई वारली, दहाव्याला आम्ही सगळे नदीवर. पिंड ठेवलेले, आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. घरच्यांनी एकेक कबूल करायला सुरुवात केली, धाकट्याचं लग्न करू, गाय विकणार नाय, बहिणीला माहेरी आणू. ऊन चढलं. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. अशा वेळी कोणी बोलत नाही. सिस्टर बोलल्या. माझ्या शेजारच्या बायकांना हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू, सांगायला लागल्या की तिकडं मेलेलं माणूस महिनोन्‌महिने घरातच ठेवतात, ते आजारी आहे असंच म्हणतात, रोज त्याला जेवण वाढतात, पाणी देतात, त्याच्याशी बोलतात.

ड्रायव्हरची बायको पिंडाजवळ बसलेली. तिनं मान वळवली. “महिनोन्‌महिने?”

“वर्ष पण होतं कधी कधी.”

“नि कपडे कोण बदलतं?”

“घरचेच. सून वगैरे.”

तिनं एकदा पिंडाकडं पाहिलं, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, “आत्याबाई, माझं काय चुकलंमाकलं असंल तर माफ करा, पण आता जावा.” रडता रडता लोक हसले, खुद्द ड्रायव्हर हसला. कावळा त्यानंतर बऱ्याच वेळानं शिवला, त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. मी सिस्टरकडं बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर मलाही हसू आलं असतं आणि मला ते नको होतं.

या सगळ्या गोष्टी मुद्दाम येऊन, मागून ऐकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे चिंधू भगत. याचा मला जितका राग यायचा तितका कशाचाच यायचा नाही. बाजाराच्या दिवशी तो गुडघ्याच्या गोळ्या न्यायला यायचा. काटकुळा, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. गोळ्या घेतल्या की निघावं ना? नाही. बोळातल्या बाकावर बसायचा. “शिस्टर, तिकडचं काय?” आणि सिस्टर त्याला सांगायच्या. यक्षिणीच्या दगडाची गोष्ट त्यानं पुन्हा पुन्हा ऐकली होती. “बरोबर हाय. दगड हलवू नये,” एवढंच म्हणायचा. मी सिस्टरना म्हटलं, “या माणसापायी तुमची माणसं मरतात आणि तुम्ही याला गोष्टी सांगता? हाकला त्याला.” त्या म्हणाल्या, “हाकलून कुठं जाणार तो? वाडीवरच ना?” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी त्याला गोळ्या देताना बोलायचोही नाही.

मग बेणणीच्या दिवसांत जनीला फुरसं चावलं. जनी वरच्या वाडीतली, तिशीतली बाई, नवऱ्याचं नाव बाळू. वाडीवरच्या आशा कार्यकर्तीचा, आशाताईंचा फोन आला की तिला भगताच्या अंगणात नेलंय. डॉक्टर एका बाळंतपणात अडकलेले, शिपाई रजेवर. सिस्टर निघाल्या आणि हात लावायला माणूस हवं म्हणून मला ओढून नेलं. गाडी रस्ता संपेपर्यंत गेली, पुढं आम्ही चालत.

अंगणात जनी गोधडीवर पडलेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा. शेजारी दोन मेलेल्या कोंबड्या, आणि तिसरी भगताच्या हातात. बाळू भिंतीला टेकून नुसता बघत होता. भोवती सगळी वाडी. मी पुढं होऊन म्हणालो, “चला, उचला बाईला, गाडी उभी आहे.” एक माणूस हलला नाही. भगताचं पुरं झाल्याशिवाय कोणी हलणार नव्हतं.

आणि सिस्टर गोधडीलगतच्या ओट्यावर बसल्या. चक्क बसल्या, पाय पुसले, पदरानं तोंड पुसलं. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि या बाई म्हणतात, “चिंधूबाबा, तुम्हाला घोड्याचं सांगितलं नाय मी.”

मला वाटलं, आता आपण या बाईवर हात उगारणार.

भगत म्हणाला, “कसला घोडा?”

“तुमी इख उतरवायला कोंबडी लावता. ते लोक घोडा लावतात.”

भगताचा हात थांबला. “घोडा?”

“घोडा. सापाचं इख काढतात नि घोड्याला टोचतात. आज थेंबभर, मंग थोडं जास्त, मंग आणखी थोडं.”

“मरतो मंग.”

“नाय मरत. पचवतो. पचवता पचवता त्याच्या रगतात इखाला मारणारं औषध तयार होतंय. तेच रगत काढून नितळ करतात नि बाटलीत भरतात.”

भगतानं हातातल्या कोंबडीकडं पाहिलं. “माझी मरतेय,” तो म्हणाला. “दोन मेल्या.”

“कोंबडीचा जीव केवढा, बाबा, नि घोड्याचा केवढा.”

भगत विचार करायला लागला. जनी कण्हत होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो. सिस्टर मात्र घाई नसल्यासारख्या बसून होत्या. फक्त त्यांचा एक हात जनीच्या मनगटावर होता आणि नजर तिच्या हिरड्यांवर, तिथून रक्त येतंय का ते बघत.

“खंडोबाचा असंल घोडा,” भगत म्हणाला. “नायतर पचवायचा नाय.”

“आता तुमी ठरवा कोणाचा ते.”

“तिकडं म्हंजे किती लांब?”

“हे तिकडचं नाय, बाबा,” सिस्टर म्हणाल्या. “हे इकडचंच हाय. घोडे आपल्याच मुलखात हायत, नि बाटली आपल्या केंद्रात, ह्या भाऊच्या कपाटात.”

सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. भगतही. मी नुसती मान हलवली.

“मला दाखवशील?” भगतानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “गाडीत बसा.” भगत उठला, कोंबडी काखेत मारली आणि चालायला लागला. तो उठला तशी सगळी वाडी उठली. बाळूनं आणि आणखी दोघांनी गोधडीसकट जनीला उचललं. इतका वेळ ज्यांना मी सांगत होतो त्या माणसांनी माझ्या पुढं पळत तिला गाडीत घातलं.

केंद्रावर डॉक्टर मोकळे झाले होते. त्यांनी औषध सुरू केलं. आणि भगत माझ्या खिडकीशी. “घोडा दाखव.” मी बाटली पुढं केली. त्यानं ती उलटीसुलटी केली. “घोडा कुठाय?” म्हटलं, “चित्र नाही, बाबा. लिहिलंय, घोड्यापासून.” म्हणाला, “वाचून दाखव.” मी वाचून दाखवलं. म्हणाला, “परत.” मी परत वाचलं. तिकडं बाई मरणाच्या दारात, आणि मी इकडं भगताला लेबल वाचून दाखवतोय. तेवढ्यात त्याच्या काखेतली कोंबडी सुटली, खिडकीतून आत आली आणि माझ्या जलसंजीवनीच्या पुड्यांवर जाऊन बसली. तिला पकडायला माझा अर्धा तास गेला आणि भगत बाहेरून मला शिकवत होता की पंख धर, पाय नको धरू.

जनीला रात्री मुरबाडला हलवलं. ती वाचली. आता दोन पोरांमागं धावते आणि बाजारात माझ्याशी भाव करून भाजी विकते.

पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. भगतानं औषधाचं नाव ‘घोड्याचं’ ठेवलं आणि माणसं पाठवायला लागला, पण आधी आपला मंत्र पुरा करून. सिस्टर भांडल्या. “बाबा, आधी घोडा, मंग मंत्र.” भगत म्हणाला, “मंत्र मागं टाकला तर देव रागवंल.” शेवटी असं ठरलं की मंत्र गाडीत म्हणायचा. तेव्हापासून भगत गाडीत मंत्र म्हणायचा आणि ड्रायव्हर माझ्यापाशी येऊन कुरकुर करायचा. कोंबड्या मात्र बंद झाल्या नाहीत. भगत घरी नसला की लोक स्वतःच लावायचे. आणि वाड्यांवर एक बोलणं सुरू झालं, ते आशाताईंनी येऊन सांगितलं. लोक म्हणत होते, चिंधूबाबा दुसऱ्याला घोडा सांगतो, पण त्याला स्वतःला चावला तर तो अंगणातच बसंल, बघा.

सिस्टरना हे लागलं. मला म्हणाल्या, “लोक बरोबर बोलतात, भाऊ. तो एकदा मंत्रावर बसून राहिला ना, तर मागची सगळी माणसं परत कोंबड्यांवर जातील. नि तो मेला तर मग विचारायलाच नको.” निवृत्ती जवळ आली तशी ही एकच काळजी त्यांच्या तोंडी होती. अर्थात मधूनमधून चौकोनी लेंड्याही होत्याच.

त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम आम्ही पडवीत ठेवला. पावसाची झड चालूच होती. ग्रामपंचायतीच्या खुर्च्या आणल्या, सरळगावहून समोसे, शाल, नारळ, हार. तालुक्याचे साहेब आलेले. भाषणाचं माझ्यावर ढकललं होतं आणि मी ते रात्री जागून लिहिलं होतं, चांगलं दोन पानी. सिस्टर मोरपंखी साडीत, अंबाड्यात गजरा, खुर्चीत चुळबुळत बसलेल्या. साहेब बोलून खाली बसले, मी माईक हातात घेतला, ‘आदरणीय’ एवढं म्हणालो आणि फाटकातून मोटारसायकल आत आली. दोन मुलगे, आणि मध्ये दाबून धरलेला चिंधू भगत.

गवत कापताना पायाला साप डसला होता. कोंबडी नव्हती. मंत्र झाला नव्हता. थोरला मुलगा म्हणाला, “बाबा बोलला, कुठं थांबू नका.” वाडीतली माणसं विचारत मागं धावली होती, तरी तो थांबला नव्हता.

सिस्टर खुर्चीतून कधी उठल्या ते मला कळलंच नाही. नवीन साडीचा पदर खोचलेला, गजरा कुठं तरी पडलेला. डॉक्टरांनी पहिलं औषध दिलं आणि म्हणाले, मुरबाडला न्यायलाच हवं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टर बॅग घेऊन तयार होत्या. भगतानं कुसुम सिस्टरचा हात धरला होता तो सोडला नाही. सिस्टर गाडीत चढल्या.

भगत वाचला, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट ताणत बसायची सवय त्यांची, माझी नाही. त्या दिवशी मुरबाडहून परतीची शेवटची एसटी चुकली म्हणून सिस्टर तिथूनच कल्याणला मुलीकडं गेल्या आणि तिथंच राहिल्या. शाल आणि नारळ मी ड्रायव्हरबरोबर पाठवला. समोसे साहेबांनी खाल्ले. वरच्या वाड्यांमधून आता साप चावलेलं माणूस सरळ येतं, कोणी अंगणात थांबत नाही. फोनवर त्या अधूनमधून बोलायच्या, पण त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही.

शेवटचं पाहिलं ते गाडी मुरबाडला निघताना. मी हार घेऊन गाडीच्या मागच्या दाराशी उभा, पाऊस डोक्यावर. मला भयंकर राग आला होता. म्हणालो, “सिस्टर, तुमचा कार्यक्रम आहे. साहेब आलेत. मी दोन पानं लिहिलीत.” त्यांनी ऐकलंच नाही. भगत घामानं भिजलेला, डोळे मिटायला लागलेले. त्या त्याच्या तोंडावर वाकून सांगत होत्या, “बाबा, डोळं मिटायचं नाय हां. इकडं बघा. तिकडं एक मासा हाय, तो पाण्यातनं निघून झाडावर चढतो.”

भगतानं डोळे उघडले. “खोटं,” तो कसाबसा म्हणाला. “मासा कशाला जाईल झाडावर.”

“खोटं कशाला बोलू? ह्या भाऊला विचारा. तो माझ्यासारखा नाय, शिकलेला हाय.”

भगतानं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. सिस्टरही माझ्याकडं बघत होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली.

“खरं आहे, बाबा,” मी म्हणालो. “चढतो.”

“तू बघितलास?”

“बघितलाय,” मी म्हणालो. “या डोळ्यांनी.”

भगतानं डोळे मिटले नाहीत. “कसा चढतो?” त्यानं सिस्टरना विचारलं. त्यांनी आतून दार ओढून घेतलं आणि गाडी मुरबाडच्या रस्त्याला लागली.